कापूर उडतो, क्युबेन फुटत नाही

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरतीला वहिनीने कापराची डबी उघडली आणि "अगोबाई!" म्हणून तशीच उभी राहिली. वड्या निम्म्या झाल्या होत्या, कडा झिजून गोल. तळाशी मिरीचे चार दाणे मात्र होते तसेच. "मिरी घालूनसुद्धा उडाला बघा," ती म्हणाली. (मिरीने कापूर टिकतो की नाही यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. झाकण घट्ट बसणं जास्त महत्त्वाचं, एवढंच दरवर्षी सांगते.)

आरती आटोपल्यावर डोंबिवलीहून आलेला भाचा मोबाईल घेऊन माझ्यापुढे बसला. "आत्या, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना? ही बातमी वाच. क्युबेन नावाचा घनाच्या आकाराचा रेणू म्हणे. पेट्रोलपेक्षा भारी इंधन, जगातलं जबरदस्त स्फोटक, आणि शिवाय औषधातपण! एकच वस्तू बॉम्बमध्ये आणि गोळीत? थापा असणार."

थापा नाहीत, पण तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. आणि गंमत म्हणजे वहिनीच्या डबीतला कापूर याच गोतावळ्यातला. ओटीवर बसून त्याला जे सांगितलं ते इथे जरा सावकाश मांडते.

मिऱ्या बंधाऱ्यावरचा कार्बन

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला गेलात तर लाटा अडवायला टाकलेले काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड दिसतील. कसाही पडला तरी तीन पाय खाली आणि एक वर. त्याचे कुठलेही दोन पाय घ्या, मधला कोन १०९.५ अंशांचा.

कार्बनचा अणू म्हणजे असाच एक इवलासा टेट्रापॉड. त्याला चार हात, म्हणजे चार बंध. प्रत्येक बंधात इलेक्ट्रॉनांची एक जोडी, आणि या जोड्यांचं एकमेकींशी पटत नाही. चौघींना एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहायचं तर जागेच्या हिशेबात हाच कोन निघतो. कार्बन आणि हायड्रोजन या दोघांपासूनच बनलेल्या पदार्थांना हायड्रोकार्बन म्हणतात: स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, मेणबत्तीचं मेण. यांच्या साखळ्यांमध्ये प्रत्येक कार्बन आपल्या आवडत्या कोनात ऐसपैस बसलेला असतो.

आता त्याला जबरदस्तीने वाकवलं तर? दिवाळीत आकाशकंदील करताना बांबूची कामठी वाकवून दोऱ्याने बांधतो, तेव्हा ती गप्प बसलेली दिसते. दोरा सुटला की सट्कन गालावर बसते. वाकवताना हातांनी घातलेली शक्ती तिच्यात साठलेली असते. रेणूतल्या अशा साठ्याला ताण म्हणतात. तीन कार्बनांचा त्रिकोण केला तर कोन ६० अंश, चौघांचा चौकोन केला तर ९०. दोन्ही ठिकाणी कार्बन कामठीसारखा वाकलेला.

आठ कोपरे, सहा चौकोन

लुडोचा फासा डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांवर आठ कार्बन, आणि प्रत्येकाचा चौथा हात बाहेर काढून त्याला एकेक हायड्रोजन. हा क्युबेन. १९६४ साली शिकागो विद्यापीठात फिलिप ईटन आणि थॉमस कोल यांनी तो पहिल्यांदा बनवला.

ताण किती? कार्बनच्या एका सुट्या चौकोनात सुमारे ११० किलोज्यूल प्रति मोल इतका ताण असतो. मोल म्हणजे रसायनशास्त्राचा डझन, फक्त खूप मोठा. घनाला सहा बाजू, म्हणजे सहा चौकोन, म्हणजे ६६० च्या घरात. इतका भाबडा गुणाकार, पण प्रत्यक्ष मोजलेला आकडा याच्या जवळच येतो, किंचित वरच. दोन कार्बनांमधला साधा बंध तोडायला लागते त्याच्या जवळजवळ दुप्पट शक्ती एकेका रेणूत नुसती कोंडून ठेवलेली!

बाटलीत पाहाल तर निराशा होईल: पांढरे, चमकदार स्फटिक. १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतात. एक गोष्ट मात्र विलक्षण आहे. हायड्रोकार्बन म्हटलं की तेलासारखं पाण्यावर तरंगणारं काहीतरी आपल्याला आठवतं. क्युबेन पाण्यात बुडतो. घन सेंटिमीटरला १.२९ ग्रॅम, इतके ते रेणू दाटीवाटीने बसतात.

असला पिंजरा विणायचा कसा?

सरळ आठ कार्बन घेऊन घन जोडायला गेलात तर जमणार नाही. कार्बन वाकायला तयार नसतात, कुठेतरी भलतीकडे जुळून मोकळे होतात. ईटन आणि कोल यांनी उलट केलं. आधी सैलसर मोठा पिंजरा बनवला आणि मग तो आवळत नेला.

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. धाव तापवून सैल असताना चढवायची, गार होता होता ती चाकाला आवळून बसते. इथे सुरुवात पाच कार्बनांच्या कड्यापासून झाली. असली दोन कडी आपण होऊनच एकमेकांना चिकटतात, मिटत आलेल्या पुस्तकाच्या दोन पानांसारखी. मग त्यावर अतिनील प्रकाश टाकला की समोरासमोरचे बंध जुळतात आणि पुस्तक मिटतं. पिंजरा तयार झाला, पण त्यात अजून पंचकोन आहेत. आता फाव्होर्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाची जुनी प्रक्रिया वापरायची: पंचकोनातला एक कार्बन वर्तुळातून बाहेर ढकलून शेपटासारखा लोंबत ठेवायचा. पंचकोनाचा चौकोन झाला. दुसऱ्या बाजूला तेच. शेवटी लोंबती शेपटं कापून टाकायची.

एवढा ताण आला कुठून, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. फुकट काहीच आलं नाही. थोडा प्रकाशाने भरला, थोडा आधीपासून मुद्दाम बसवून ठेवलेल्या ब्रोमीनने जाताना भरला. मला स्वतःला ही वाट घनापेक्षाही सुंदर वाटते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या रसायनशास्त्रज्ञांनी तीच सुधारून घेतली आणि क्युबेनचं एक साधित रूप किलोच्या मापात बनवून दाखवलं.

मग तो फुटत कसा नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबते.

पावसाळ्यात आमच्या सड्यावर जांभ्याच्या खळग्यांत पाणी साठतं. खालच्या खाडीपासून ते किती उंचावर असतं! खाली जाण्याची त्याला पूर्ण मुभा आहे, पण जात नाही, कारण खळग्याला कड आहे. पाणी किती उंचावर आहे ही एक गोष्ट, आणि कड किती उंच आहे ही वेगळी. क्युबेन फार उंचावरच्या सड्यावर आहे, पण त्याच्या खळग्याची कडही तशीच उंच आहे. सुमारे २०० अंशांच्या वर तापवल्याशिवाय तो मोडत नाही.

कड उंच का? घनातला एकच बंध तोडून पाहा. सुटलेली दोन टोकं लांब जाऊ शकत नाहीत, उरलेले अकरा बंध त्यांना जागच्या जागी धरून ठेवतात. खेकड्यांच्या पिंजऱ्याची एक काडी मोडली म्हणून पिंजरा उघडत नाही, तसंच. म्हणजे एक बंध तोडायचा खर्च पुरा, आणि ताण सुटतो थोडासाच. दोन बंध एकदम तोडायचे म्हटलं तर इलेक्ट्रॉनांच्या हालचालींचे नियम त्या वाटेवर आडवे येतात.

अर्थात कड फोडताही येते. चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, हाताशी असेल तर तो हळूच पिंजऱ्याचे बंध इकडचे तिकडे करतो आणि घनाची पाचर होते. त्या नव्या रेणूचं नावही लॅटिन पाचरेवरूनच क्युनेन असं ठेवलंय.

चार कार्बनांचा चौमुखी पिंजरा, म्हणजे टेट्राहेड्रेन, याहून अवघड. सगळे कोन ६०. तो १९७८ साली जर्मनीत ग्युंटर मायर यांनी बनवला, पण एका युक्तीने: चारही कोपऱ्यांवर अणूंचे जाडजूड गट बसवून. शिमग्याला गावी निघालेल्या एस्टीत उभं राहायला जागा नसते, पण त्यामुळेच पडायलाही नसते. इथे तसंच. एक बंध सुटून टोकं लांब जाऊ पाहतात, तर जाडे गट एकमेकांवर आदळतात आणि पिंजरा परत मिटतो. गट काढून घेतलेला, नुसत्या हायड्रोजनांचा टेट्राहेड्रेन अजून कुणाला बाटलीत भरता आलेला नाही.

कापूर यात कुठे आला?

फुलांची परडी घ्या. खालचा गोल काठ म्हणजे सहा कार्बनांचं कडं, आणि या काठापासून त्या काठापर्यंत वरून गेलेली मूठ म्हणजे एका कार्बनचा पूल. हा कापराचा सांगाडा. बाहेरून एक ऑक्सिजन लटकलाय म्हणून तो काटेकोरपणे हायड्रोकार्बन नाही, पण घडण पिंजऱ्याची. ताण बेताचाच.

असे गोलसर रेणू एकमेकांना घट्ट धरू शकत नाहीत. लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, चपटे रेणू एकमेकांवर बसतात, पण पेटीत रचलेले आंबे एकमेकांना किती ठिकाणी टेकतील? म्हणून कापूर न वितळताच सरळ हवेत जातो. वहिनीच्या डबीचं रहस्य हे. क्युबेनही तसाच उडतो.

कापराची रचना १८९३ मध्ये युलियुस ब्रेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने उलगडली. अशाच सांगाड्यांचा अभ्यास करता करता त्याने पुढे, १९२४ साली, एक नियम मांडला: परडीची मूठ जिथे काठाला जोडलेली असते त्या जागी दुहेरी बंध, म्हणजे दोन कार्बनांनी दोन-दोन हातांनी एकमेकांना धरणं, बसत नाही, ताण असह्य होतो. पाठ्यपुस्तकांतून शंभर वर्षं पोरांनी तो घोकला, मीही घोकून घेतला. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नील गर्ग यांच्या गटाने असे रेणू क्षणभर तयार करून, मोडायच्या आत दुसऱ्या रेणूला जोडून दाखवले. नियम चुकला असं मी म्हणणार नाही. त्या रेणूंना बाटलीत ठेवता येत नाहीच. पण 'करताच येत नाही' आणि 'टिकवता येत नाही' यात फरक आहे, आणि तो फरक शिकवायचा राहून गेला याची मला थोडी लाज वाटली.

गोळीत पिंजरा कशाला?

माझ्या गोळ्यांच्या डब्यात मधुमेहाची विल्डाग्लिप्टिन आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेल. २०१९ च्या डिसेंबरात तिचं पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्या ती काढू लागल्या आणि माझं महिन्याचं बिल उतरलं. या गोळीच्या रेणूच्या एका टोकाला दहा कार्बनांचा पिंजरा आहे, अ‍ॅडमंटेन नावाचा. तो १९३३ मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, होडोनिनच्या खनिज तेलात सापडला. त्यात सगळे कार्बन टेट्रापॉडच्या कोनातच बसलेत, हिऱ्यात बसतात तसे, त्यामुळे ताण जवळपास शून्य. स्मृतिभ्रंशावरच्या मेमॅन्टिनमध्ये आणि कंपवातावर देतात त्या अमॅन्टाडिनमध्येही तोच.

म्हणजे बातमीत ज्याचं नाव नाही असा हा शांत भाऊ गेली कित्येक वर्षं मुकाट कमावतोय, आणि गाजावाजा क्युबेनचा. क्युबेन असलेली गोळी अजून दुकानात आलेली नाही.

पण तिच्यासाठी खटपट का चाललीय ते समजण्यासारखं आहे. पुष्कळ औषधांत बेंझीनचं सहा कार्बनांचं चपटं कडं असतं. चपटी कडी ओल्या पापडांसारखी एकमेकांना चिकटतात, मग औषध पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात जात नाही. शिवाय यकृत या कड्यांना ओळखून असतं, लगेच त्यांची मोडतोड सुरू करतं. ईटन यांनीच दाखवून दिलं की क्युबेनचा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण आणि बेंझीनची रुंदी जवळपास सारखीच आहे. मग चपट्या कड्याच्या जागी तेवढ्याच मापाचा घन बसवला तर? कुलपात किल्ली बसेल, पण किल्ल्या एकमेकींना चिकटणार नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात ही अदलाबदल करून पाहिली गेली आणि काही रेणूंत ती यशस्वी झाली.

याच कामासाठी आणखी एक छोटा पिंजरा सध्या फार चालतो. त्याचा जन्म प्रोपेलेन नावाच्या रेणूतून होतो, जो १९८२ मध्ये येल विद्यापीठात केनेथ वायबर्ग यांनी बनवला. त्यातल्या दोन कार्बनांचे चारही हात एकाच बाजूला वळलेत. जुलैच्या वाऱ्यात उलटी झालेली छत्री, अगदी तशी! त्या दोघांमधला बंध उघडला की दोन्हीकडे काहीही जोडता येतं. २०१२ मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी एका प्रायोगिक औषधातलं बेंझीनचं कडं काढून हा पिंजरा बसवला, तर विरघळणं आणि शोषलं जाणं दोन्ही सुधारलं.

उन्हाची बेगमी

पावसाळ्याआधी आपण आमसुलं, फणसपोळी, सुके बांगडे करतो. खरं तर ऊनच साठवतो. रसायनातही ते करता येतं. कापराच्याच परडीत दोन दुहेरी बंध घातले की नॉर्बोर्नाडायीन मिळतं. त्याच्यावर प्रकाश पडला की ते मिटून क्वाड्रिसायक्लेन नावाचा घट्ट पिंजरा होतो. ऊन ताण बनून बसलं. उत्प्रेरक दाखवला, म्हणजे कड उतरवून देणारा पदार्थ, की पिंजरा उघडतो आणि उष्णता बाहेर येते. मग पुन्हा उन्हात ठेवा. धूर नाही, राख नाही. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटाने २०१९ च्या सुमारास असा द्रव उत्प्रेरकावरून सोडून ६३ अंशांची तापमानवाढ मिळवली.

अडचणी खऱ्या आहेत. मूळ रेणू फक्त अतिनील प्रकाश शोषतो, आपलं बहुतेक ऊन त्याच्या कामाचं नाही. उन्हाला जुळवून घ्यायला त्याला शेपटं जोडावी लागतात आणि शेपटांचं वजन वाढलं की किलोमागची साठवण घटते. पण मला या सगळ्या प्रकरणात आशा कुठे दिसत असेल तर ती इथे.

"गाडी चालेल का यावर?"

भाच्याचा खरा रस यातच. वहीत हिशेब मांडला. एक किलो क्युबेन जाळून जेवढी उष्णता मिळते ती एक किलो पेट्रोलपेक्षा फार जास्त नाही! ताणाची भर पडते, पण पेट्रोलमध्ये हायड्रोजन जास्त असतो, ती कसर तिथे भरून निघते. फरक पडतो लिटरमागे. क्युबेन दाट असल्यामुळे तेवढ्याच जागेत पावणेदोन पटीच्या आसपास उष्णता मावते. गाडीच्या टाकीला याचा उपयोग नाही; हा स्फटिक आहे, ओतता येत नाही, आणि किमतीचं तर बोलायलाच नको. जागा अपुरी तिथे मात्र पिंजरे कामाला येतात. क्रूझ क्षेपणास्त्रांत जेपी-१० नावाचं जे दाट इंधन वापरतात त्याच्या रेणूतही कापराच्या सांगाड्याचा तुकडा आहे. ताणलेल्या त्रिकोणांचं सिंटिन हे इंधन सोव्हिएत सोयुझ रॉकेटांत १९८२ पासून काही वर्षं वापरलं गेलं, मग महाग पडतं म्हणून सोडून दिलं.

स्फोटकाचं म्हणाल तर क्युबेन आपणहून स्फोटक नाही. त्याच्या आठही हायड्रोजनांच्या जागी नायट्रोजन-ऑक्सिजनचे नायट्रो गट बसवलेला ऑक्टानायट्रोक्युबेन ईटन यांच्याच गटाने २००० च्या सुमारास तयार केला. कागदावर तो फार ताकदवान, पण बनवायला इतका जिकिरीचा की प्रयोगशाळेतल्या चिमूटभर मापापुढे त्याची मजल गेली नाही.

"आणखी एक रसायन, म्हणजे आणखी एक नाला"

हे शेजारच्या काकांचं मत. ते आमचं बोलणं गडग्यापलीकडून ऐकत होते. कोकणात रसायन म्हटलं की खाडीवर मेलेले मासे आठवतात, आणि त्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही. बनवताना ब्रोमीन, आम्लं, द्रावकं लागतातच, आणि ती कुठे जातात हा कारखान्याच्या शिस्तीचा प्रश्न आहे, रेणूच्या आकाराचा नाही.

पण "निसर्गात नाही ते माणसाने करू नये" असंही ते म्हणाले, तेव्हा मात्र मी त्यांना समुद्राकडे बोट दाखवलं. प्राणवायूशिवाय जगणारे आणि अमोनियापासून नायट्रोजन वायू बनवणारे काही जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीतल्या स्निग्ध रेणूंमध्ये कार्बनचे चौकोन एकाला एक जोडून शिडी केलेली असते, त्याच ९० अंशांच्या ताणाची. ईटन यांनी घन बांधला त्यानंतर ३८ वर्षांनी, २००२ मध्ये, ही शिडी माणसाला कळली. ती जिवाणू नेमकी कशी बांधतात हा अजून अभ्यासाचा विषय आहे. आणि या रेणूंच्या खुणा आपल्या अरबी समुद्राच्या खोल, प्राणवायू जेमतेम असलेल्या थरातही मिळाल्यात.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ते आधीपासूनच आहेत तिथे?"

आहेत. आपल्याआधी कितीतरी.